टेपवरची बडबड

१

बाईचा आवाज कुणीतरी नासवला होता. टेप आपोआप खराब झाली नव्हती. पण हे कळायला तुसडीची अख्खी सकाळ गेली, आणि त्या वाया गेलेल्या सकाळीचा राग तिला पुढे बरेच दिवस पुरला.

धंद्यात सगळे तिला तुसडी म्हणत. पाठीमागे म्हणत, पण कानांवरच पोट असल्यामुळे तिला ते ऐकू येई, आणि आवडेही. जुन्या टेपांवरचे आवाज दुरुस्त करून देणं हे तिचं काम. सायकलच्या दुकानावरची एक खोली, भिंतींना ठोकलेल्या जुन्या गाद्या, टेबलावर टेप वाजवायची दोन यंत्रं आणि दोन स्पीकर, एवढाच तिचा संसार. गिऱ्हाइकांबद्दल तिचं मत वाईट होतं. लोक वर्षानुवर्षं टेपा माळ्यावर कुजवतात, मग एके दिवशी मायेचा उमाळा येतो आणि जादूगाराकडे यावं तसे तिच्याकडे येतात. चित्राबद्दल तर तिचं मत त्याहून वाईट. चित्र म्हणजे आवाजाला चिकटलेलं लटांबर, असं ती म्हणे, आणि काम करताना टीव्हीचा पडदा बंद ठेवी.

त्या दिवशी आलेली बाई दातांची डॉक्टर होती. तिशीची, नीटनेटकी, हात सारखे धुऊन कोरडे पडलेले. तिने काडेपेटीहून जराशी मोठी अशी एक डिजिटल टेप टेबलावर ठेवली.

"ही माझ्या आईची टेप आहे," डेंटिस्ट म्हणाली. "आवाज फार विचित्र आहे. एखादा शब्द जरी नीट लागला तरी चालेल."

"विचित्र म्हणजे?"

"बडबड. भराभर, चिरक्या आवाजात. मी पहिलीत असताना आईच्या मेंदूत रक्तस्राव झाला. उजवी बाजू लुळी पडली, बोलणं गेलं. स्पीच थेरपिस्टने सराव दिला आणि तो टेप करायला सांगितला. ती टेप घरच्यांनी बघितली, थेरपिस्टने बघितली, नातेवाइकांनी बघितली. सगळ्यांचं एकच मत पडलं, की हिची बुद्धी गेली. मग तिला शुश्रूषागृहात ठेवलं. मला कधी नेलं नाही. ओळखणार नाही म्हणाले. मी नववीत असताना ती तिथेच गेली."

"आणि टेप?"

"बाबांच्या कपाटात सापडली. गेल्या महिन्यात."

तुसडीने तोंड वाकडं केलं. रडकथा तिला नको असत. पण टेप तिने घेतली.

आधी नेहमीचे उपाय झाले. यंत्राचं टेप वाचणारं हेड मळलं असेल म्हणून साफ केलं. फरक नाही. टेप दुसऱ्या यंत्रात घातली. फरक नाही. कधी कधी टेप वाचवायला लोक मंद वेगावर रेकॉर्डिंग करतात आणि ते दुसऱ्या यंत्रावर नीट वाजत नाही, तसंही नव्हतं. मग तिने नाइलाजाने पडदा लावला. या टेपांवर चित्र आणि आवाज एकाच तिरक्या पट्टीत शेजारी शेजारी लिहिलेले असतात. टेपला इजा झाली तर सहसा दोघांनाही होते, चित्राचे चौकोन चौकोन होऊन फुटतात. इथे चित्र लख्ख होतं. पलंग, उशीला टेकून बसलेली एक कृश बाई, समोर तिपाईवर एक टेपरेकॉर्डर. त्या टेपरेकॉर्डरमधून एक गोड बायकी आवाज विचारत होता, "हे काय आहे? सावकाश सांगा." मग बाई तोंड उघडे, आणि चिमण्यांचं भांडण लागावं तसा आवाज येई.

"ही थेरपिस्ट," डेंटिस्ट म्हणाली. "प्रश्नांची कॅसेट करून दिली होती तिने. माणसं समोर असली की आईची जीभ लुळी पडायची. एकटी असली की शब्द यायचे म्हणे. म्हणून कॅमेरा स्टँडवर लावून, दार लोटून सगळे बाहेर जायचे."

"गप्प बसा," तुसडी म्हणाली.

तिने डोळे मिटले. खोलीत पंखा होता. दर फेऱ्याला 'कुईं' करणारा, तेल न घातलेला पंखा. प्रश्न चालू असताना तो सावकाश कुरकुरत होता. बाईचं उत्तर सुरू झालं की तो पिसाटासारखा धावू लागे. प्रश्न आला की पुन्हा सावकाश.

तिने तो तुकडा चारदा ऐकला. मग टेप थांबवली.

"पंख्याला तुमच्या आईच्या आजाराचं काय देणंघेणं?" ती म्हणाली. "डॉक्टर, हा बिघाड नाही. हे कुणीतरी बसून, निवांतपणे केलेलं काम आहे."

२

डेंटिस्टचे वडील निवृत्त प्राचार्य. त्यांच्या दिवाणखान्यात सत्कारांची इतकी सन्मानचिन्हं होती की माणसाला बसायला जागा शोधावी लागे. प्राचार्य बोलत ते समोर पाचशे मुलं बसल्यासारखं.

"तो काळ माझ्यासाठी अग्निपरीक्षेचा होता," ते म्हणाले.

"तुम्हाला झाला होता का रक्तस्राव?" तुसडीने विचारलं.

प्राचार्यांनी लेकीकडे पाहिलं. लेकीने खिडकीकडे.

"कॅमेरा कुणाचा?"

"माझा. छंद होता. पण मी फक्त बटण दाबायचो. कॉम्प्युटर घरात आणला होता, त्यातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. धाकट्या भावानेच जोडून दिला होता, माझ्या अभ्यासिकेत. दार उघडंच असायचं, कुणीही बसावं."

"त्या दिवशी कॅमेरा कुणी लावला?"

"मी लावला आणि कॉलेजला गेलो. संध्याकाळी आलो तेव्हा टेप टेबलावर होती. दोन दिवसांनी सगळ्यांना बोलावून टीव्हीवर लावली. मला ऐकवेना. मी उठून गच्चीत गेलो."

"नंतर बायकोशी एकांतात बोललात?"

"काय बोलणार? टेप ऐकली होती ना."

तुसडीला असल्या माणसांची शिसारी होती. वाईट माणूस निदान काहीतरी करतो. हा गच्चीत गेला होता.

चहा घेऊन आत्या आली. प्राचार्यांची थोरली बहीण, लवकर विधवा होऊन भावाकडे आलेली. डेंटिस्टला तिनेच वाढवलं. पंचाहत्तरीतही ताठ, आणि बोलायला लागली की थांबायचं नाव नाही.

"लाख माणसात एक होती हो माझी भावजय. नवऱ्याला कधी एका शब्दाने अरे-तुरे केलं नाही. 'अहो'शिवाय हाक नाही. धाकट्या दिरालासुद्धा 'भाऊजी, तुम्ही'. तो तिच्याहून लहान, तरी! आणि तोही 'वहिनी, तुम्ही' म्हणायचा. मी आपली तिला 'अगं तुगं' करायची, मोठी ना मी. आजकालच्या पोरी नवऱ्याला नावाने हाका मारतात."

"टेप झाली त्या दिवशी तुम्ही कुठे होतात?"

"स्वयंपाकघरात. घरात पाहुणे यायचे होते, धाकट्याच्या लग्नाची बोलणी चालली होती ना. मी कशाला जाऊ तिच्या खोलीत? मी असले की ती बोलायची नाही."

"आणि मुलीला आईकडे का नेलं नाहीत?"

आत्याने चहाचा कप जरा जोरातच ठेवला. "लेकरू घाबरलं असतं."

जिना उतरताना डेंटिस्ट म्हणाली, "आत्याने माझं सगळं केलंय. तिच्यावर संशय नका घेऊ."

"मी सगळ्यांवर घेते," तुसडी म्हणाली. "भेदभाव मला जमत नाही."

यंत्रापाशी परतल्यावर तिने आणखी एक बटण दाबलं. कॅमेरा प्रत्येक चित्राखाली तारीख आणि वेळ गुपचूप लिहीत असतो. ते बटण दाबलं की पडद्यावर येतं. इथे तारखेच्या जागी नुसत्या रेघा आल्या. म्हणजे ही कॅमेऱ्यातून निघालेली टेप नव्हतीच. खरी टेप कॉम्प्युटरमध्ये गेली होती, तिथे तिचा आवाज पिळून काढला होता, आणि हे सोंग नव्या टेपवर उतरवलं होतं.

३

थेरपिस्ट आता मोठी झाली होती. तिच्या दवाखान्यात मासे पोहत होते आणि भिंतीवर तिचाच फोटो होता. तिने घड्याळात पाहून त्यांना आत घेतलं.

"कॅसेटवर प्रश्न आणि एकांतात उत्तरं ही माझीच पद्धत. परदेशात वाचला मी तो पेपर," ती म्हणाली.

"पेशंटला किती वेळा भेटलात?"

"सुरुवातीला एकदा. तपासणी केली. पुढचं मूल्यमापन टेपवरून."

"टेप बघून तुम्ही काय मत दिलंत?"

"अर्थहीन वेगवान उच्चार, पुनरुक्ती, आकलनाचा अभाव. पाठ आहे मला. दुर्मीळ केस होती."

"पुनरुक्ती," तुसडी म्हणाली. "तिचं प्रत्येक वाक्य एकदा पूर्ण येतं आणि मग त्याचाच पहिला तुकडा पुन्हा येतो. तोच श्वास, मध्ये तीच खोकल्याची उबळ. माणूस एकाच जागी तसाच्या तसा पुन्हा खोकतो का?"

थेरपिस्टने पुन्हा घड्याळात पाहिलं.

"आवाज दीडपट वेगाने पळवला की तो लवकर संपतो. उरलेली जागा भरायला हे करणाऱ्याने तोच तुकडा पुन्हा चिकटवला. तुमची दुर्मीळ केस म्हणजे दुर्मीळ आळस. चार पावलं चालून त्या खोलीत गेला असतात तर कळलं असतं."

"माझ्याकडे त्या वेळी कितीतरी पेशंट होते!"

"हो, आणि मासे."

दवाखान्यातून बाहेर आल्यावर डेंटिस्ट पायरीवरच बसली. "म्हणजे आईचे शब्द आहेत अजून? त्या चिरक्या आवाजात?"

"आहेत. चोराने माल फेकला नाही, नुसता गुंडाळला. वेग उतरवला की निघेल. पण आधी तुमचे काका."

"काकांचा काय संबंध? ते तर त्या वेळी मुलगी बघायला परगावी गेले होते."

"असं कोण म्हणतं?"

डेंटिस्टने जरा आठवलं. "काकाच म्हणतात."

४

काका नामवंत व्याख्याते होते. कुटुंब, नाती, संस्कार. सभागृहं भरत, बायका डोळे पुसत. पांढरी दाढी राखलेली, आवाज पाजळलेला. तुसडीला असे आवाज ओळखू येत. ज्याला स्वतःचं बोलणं ऐकायची चटक लागलीय, त्याचा आवाज छातीतून न येता आरशातून येतो.

ते व्याख्यानाआधी रंगमंचामागच्या खोलीत सापडले. पुतणीला त्यांनी पोटाशी धरलं.

"बाळ, जुनं उकरून काय मिळणार?"

"काका, आईची टेप यांच्याकडे दिलीय. आवाज बिघडलाय ना तिचा."

"बघितली होतीत का ती?" तुसडीने विचारलं.

"छे! मी गावातच नव्हतो. आल्यावर कळलं. वहिनी म्हणजे मला आईच्या जागी. मन धजावलं नाही बघायचं."

"मग बिघाड काय असेल असं वाटतं? तुम्ही तेव्हा कॉम्प्युटरचे क्लास घ्यायचात असं ऐकलं."

काकांना प्रश्न आवडला. ज्ञान विचारलं की त्यांना राहवत नसे.

"साधी गोष्ट आहे. त्या कॅमेऱ्यांत आवाजाचे दोन रेट असायचे, म्हणजे सेकंदाला किती हजार नमुने टिपायचे त्याचे. बत्तीस आणि अठ्ठेचाळीस. बत्तीसवर घेतलेला आवाज अठ्ठेचाळीसचा समजून वाजवला की माणूस चिमणीसारखा बोलतो. वहिनींच्या टेपचं तेच झालं असणार. कुणाचा दोष नाही. यंत्राचा दोष."

"खरंय," तुसडी म्हणाली. "यंत्र बिचारं काय बोलणार?"

बाहेर टाळ्या सुरू झाल्या. काका निघाले, दारात वळून म्हणाले, "बाळ, क्षमा हा सगळ्यात मोठा संस्कार." आणि प्रकाशात गेले.

"कुणी कुणाला करायची, ते सांगितलं नाही त्यांनी," तुसडी पुटपुटली.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी तुसडी आवाजाचे तुकडे वेगळे करत बसली होती. डेंटिस्ट शेजारी. पडदा बंद होता.

"चित्र लावाल का?" डेंटिस्टने विचारलं. "मला तिला बघायचंय."

"चित्राने काही कळत नाही."

"मला बघायचंय."

तुसडीने कुरकुरत पडदा लावला. टेप शेवटाकडे आली होती. टेपरेकॉर्डरवरची कॅसेट संपून खट्‌ वाजली. तरी बडबड चालूच राहिली. तुसडी डोळे मिटून ऐकत होती, तेवढ्यात डेंटिस्टने तिचा दंड धरला.

"थांबवा! मागे घ्या. आता बघा. तिचं तोंड."

"काय तोंडाचं?"

"बंद आहे."

तुसडीने डोळे उघडले. पडद्यावरची बाई ओठ मिटून बसली होती. ती कॅमेऱ्याच्या वरच्या बाजूला, कुणाकडे तरी बघत होती. आणि तरीही चिमण्या भांडत होत्या.

"मी दिवसभर लोकांची तोंडंच बघते," डेंटिस्ट म्हणाली. "बंद तोंडाने कुणी बडबडत नाही."

तुसडीला स्वतःची लाज वाटली, आणि तिला त्याची सवय नव्हती. इतकी वर्षं ज्या चित्राला ती लटांबर म्हणत आली, त्याने तिच्या कानाखाली वाजवली होती. पण लगेच तिला बाकीच्यांचा विचार आला आणि जरा बरं वाटलं. तो अख्खा दिवाणखाना, थेरपिस्ट, प्राचार्य, काकू-मावश्या, सगळे मिळून त्या बाईचा निकाल लावायला बसले होते. आणि एकानेही तिच्या तोंडाकडे पाहिलं नव्हतं.

"खोलीत कुणीतरी आलं होतं," ती म्हणाली. "आणि ते आपलाही आवाज लपवून गेलं."

तिने तो तुकडा कॉम्प्युटरवर घेतला आणि वेग उतरवू लागली. पंख्याची कुरकुर मूळ चालीवर आली तिथे थांबली. मग वाजवला.

६

स्पीकरमधून कुजबुज आली. ना पुरुषाची, ना बाईची. कुजबुजीला आवाज नसतो, नुसता वारा असतो. शब्द मात्र स्वच्छ होते.

"हळू बोल. कॅमेरा चालू आहे. मी बंद करतो."

डेंटिस्टने खुर्ची स्पीकरजवळ ओढली. "कोण आहे हे?"

"कुजबुजीवरून माणूस ओळखता येत नाही. पण आपली भाषा चोंबडी आहे, ती ओळखून देते. 'करतो.' 'करते' नाही. म्हणजे पुरुष. आत्या सुटल्या, थेरपिस्ट सुटली. 'हळू बोल.' 'बोला' नाही. तुमच्या आईला घरात 'तू' म्हणणारा पुरुष कोण?"

डेंटिस्टने तोंडावर हात ठेवला. "बाबा."

"काकांचं 'वहिनी, तुम्ही'. म्हणून सगळा हिशेब बाबांवर येतो. थांबा, रडू नका. पुढे तुमची आई बोलतेय."

ती बोलत होती. प्रत्येक शब्द चढण चढून आल्यासारखा, मध्ये दम घेत. पण एकही शब्द चुकीचा नव्हता.

"नको... करू बंद. असू दे. तुला... ऐकू येऊ दे. मी बोलतेय ना? बरी... होतेय. तू म्हणाला होतास... आपण तिघं... जाऊ. तू, मी... आणि लेक. वन्सं म्हणत होत्या... तुझं लग्न... ठरलंय. खरं... का रे?"

मग एक पाऊल वाजलं, आणि टेप संपली.

खाली कुणीतरी सायकलला हवा भरत होतं.

"'का रे'," डेंटिस्ट शेवटी म्हणाली. "आई बाबांना असं कधीच..."

"नाही. 'अहो'शिवाय हाक नाही. आणि लग्न झालेल्या नवऱ्याचं लग्न ठरत नसतं."

७

तुसडीने सगळ्यांना प्राचार्यांच्या घरी बोलावलं. थेरपिस्टने 'वेळ नाही' असा निरोप पाठवला. बाकी तिघं जमले. काका सोफ्याच्या मध्यभागी बसले, सवयीने.

तुसडीने आधी काही वाजवलं नाही. ती उभी राहून काकांशीच बोलली.

"तुम्ही म्हणालात बत्तीसचा आवाज अठ्ठेचाळीसवर वाजला. अगदी बरोबर निदान. फक्त एक अडचण आहे. या टेपवर बत्तीस कुठेच नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत अठ्ठेचाळीस. बत्तीस होता तो मूळ टेपवर, आणि ती टेप एकाच माणसाने हाताळली. ज्याने ही बनवली त्याने. मी तर तुम्हाला आवाज चिरका झालाय, एवढंसुद्धा सांगितलं नव्हतं. आणि तुम्ही टेप पाहिलीच नव्हती."

"घरातलं कुणीतरी बोललं असेल," काका हसून म्हणाले. "बाकीचा आपला अंदाज."

"बरोबर. अंदाजावर कुणाला दोषी धरू नये. तसं या घरात एकदा झालंय."

मग तिने तुकडा वाजवला.

'का रे' आलं तेव्हा आत्याच्या हातातली जपमाळ थांबली. प्राचार्य धाकट्या भावाकडे बघत राहिले. काकांच्या चेहऱ्यावर एकामागून एक भाव येऊन गेले. व्याख्यानात वापरायचे सगळे त्यांनी लावून पाहिले, एकही बसेना.

"मी तिची अब्रू वाचवली," ते शेवटी म्हणाले. "ती टेप सगळ्यांसमोर लागणार होती. दादा आधीच तारीख ठरवून बसला होता. काय केलं असतं मी? ती भोळी, तिला भान नव्हतं कुणासमोर काय बोलायचं त्याचं."

"तिला भान होतं. दार लोटलेलं होतं. खोलीत फक्त तुम्ही होतात," तुसडी म्हणाली. "आणि अब्रूच वाचवायची होती, तर शेवटचा तुकडा पुसायचा. कॅसेट संपली तिथे टेप संपवायची. कुणाला कळलं नसतं. तिची किल्ली, खुर्ची, कपबशी असली साधी उत्तरं राहू द्यायची. थेरपिस्टने शाबासकी दिली असती, आणखी टेपा झाल्या असत्या. पण तुम्ही एकेक उत्तर शोधून शोधून नासवलंत. का?"

काकांनी दाढीवरून हात फिरवला.

"मी सांगते. ती बरी होत होती. आज टेपवर बोलली, उद्या जेवणाच्या टेबलावर बोलली असती. तेव्हा तिच्यावर कुणी विश्वास ठेवू नये, अशी सोय तुम्ही करून ठेवलीत. तुम्हाला टेप लपवायची नव्हती. माणूस बाद करायचं होतं."

"माझं लग्न ठरलं होतं," काका म्हणाले. आवाज आता छातीतून येत होता, आणि फार लहान होता. "मला वाटलं, थोडे दिवस. नंतर सगळं शांत झालं की मी..."

"नंतर तुम्ही नात्यांवर व्याख्यानं द्यायला लागलात."

डेंटिस्ट इतका वेळ भिंतीशी उभी होती. ती वडिलांकडे वळली. "बाबा, तुम्ही काही म्हणणार आहात?"

प्राचार्यांनी घसा खाकरला. डोळे भरले होते त्यांचे, ते खोटं नव्हतं. पण तोंडातून निघालं ते असं: "हे... हे बाहेर कुठे बोलायची गरज नाही ना?"

आत्या लगेच म्हणाली, "घरातलं घरात राहू दे गं राणी."

तुसडीने आयुष्यात पुष्कळ घाणेरडे आवाज ऐकले होते. गंजलेले, बुरसलेले, पाण्यात भिजलेले. हे दोन तिला सगळ्यांत वाईट वाटले.

डेंटिस्टने टेप उचलून पर्समध्ये टाकली. "काका, येत्या रविवारी त्या सगळ्या नातेवाइकांना मी इथेच बोलावते. तेव्हा आले होते तेवढे सगळे, जे हयात आहेत ते. टेप मी लावीन. पण आधी तुम्ही उभं राहून सांगायचं, काय केलंत ते. बोलता छान येतं तुम्हाला."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर मी तुमच्या पुढच्या सभागृहात सांगेन. मला बोलता छान येत नाही, पण टेप आहे माझ्याकडे."

८

काकांनी सांगितलं. सांगताना दोनदा पाणी प्यायले आणि एकदा 'परिस्थितीने' म्हणाले, तेव्हा डेंटिस्टने त्यांना वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. त्यांच्या बायकोने सगळं शेवटपर्यंत ऐकलं, पर्स उचलली आणि एकटीच घरी गेली. नातेवाईक हळहळले. आपल्याला तेव्हाच शंका आली होती, असं त्यांतल्या बऱ्याच जणांना आता आठवलं. तुसडी तिथे गेली नव्हती. हे तिला नंतर कळलं, आणि त्या शंकेखोरांबद्दल ती जे बोलली ते लिहिण्यासारखं नाही.

डेंटिस्ट त्यानंतर एका दुपारी आली. तुसडीने तोवर अख्खी टेप सरळ करून ठेवली होती. एकेक उत्तर मूळ वेगावर, पुन्हा चिकटवलेले तुकडे काढून. हे काम तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"बसा. चित्रासकट लावते," ती म्हणाली.

पंखा कुरकुरत होता. टेपरेकॉर्डरमधला गोड आवाज विचारत होता. कृश बाई उत्तरं देत होती. किल्ली. खुर्ची. खिडकी... उघडी आहे. कधी शब्द अडे, ती डाव्या हाताने मांडीवर हलकेच थाप मारी, आणि तो येई.

"आज सकाळपासून तुम्ही काय काय केलंत? सावकाश सांगा."

पडद्यावरची बाई जराशी हसली.

"सकाळी... मुलीच्या... वेण्या घातल्या. दोन. उजवा हात... ऐकत नाही. एक... घट्ट झाली. एक... सुटते. ती म्हणाली... असू दे आई. छान आहे."

डेंटिस्ट पुढे वाकली.

"मला त्या वेण्या आठवतात," ती म्हणाली. "शाळेत मुली हसायच्या. एक घट्ट, एक लोंबणारी. मला वाटायचं त्या आत्याने घातल्या. इतकी वर्षं मला वाटायचं, आत्याने."

तिचा हात आपोआप केसांकडे गेला होता. तुसडी काहीतरी कडू बोलणार होती, आत्याबद्दलच. तिने ते गिळलं, आणि टेप थोडी मागे घेतली.

"पुन्हा ऐका," ती म्हणाली.